पोत बघणाऱ्या नसीमआपा

आमच्या शेजारच्या नसीमआपांशी तुमची ओळख झाली, तर नमस्काराच्या आधी त्या तुमची बाही चिमटीत धरतील. माझ्या होणाऱ्या जावयाचीसुद्धा धरली होती. "सुती खरं हाय. पोरगा चालंल," असा निकाल दिला. पोरगा बिचारा घामाघूम! पडदा असो की भाकरी, आपांचं एकच: "पोत बघा, पोत!"

जालना रोडवरच्या एका भल्या मोठ्या कापड दुकानात त्या पैठण्या विकायच्या. स्वतःच्या हातानं गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पदर टाकायचा आणि आरसा पुढं धरायचा. बाई साडी घेतल्याशिवाय उठायचीच नाही.

मग आपांच्या हातांवर कोड उठलं. कुणा एका बाईनं नाक मुरडलं आणि दुकानानं आपांना काउंटरवरून उचलून तळघरातल्या गोदामात चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. पगार तोच, पण दिवसभर माणूस दिसेना. आपांनी थेट कामगार न्यायालय गाठलं. "मेहरबानी नको, माझं काउंटर पायजे!"

तीन वर्षं नुसत्या तारखा. सोबतीला मी जायचे. त्या काळात आपांनी कुणाची बाही धरली नाही. हात कायम ओढणीखाली. चहाचा कपसुद्धा माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवायच्या. कोड काय लागतं का कुणाला? पण मीही मूर्ख, कधी बोलले नाही.

शेवटी दुकान तडजोडीला आलं. काउंटर परत, लेखी माफी, सगळं कबूल. फक्त आपांनी हातमोजे घालावेत. आमचे वकील म्हणाले, "आपा, एवढ्यासाठी ताणू नका."

आपा उसळल्या. "हातमोज्यातून पोत कळतो व्हय? खोडा ते, नायतर मी सही करत नाय!"

खोडावंच लागलं त्यांना.

पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक मीच. आपांनी जांभळी पैठणी उलगडली, पदर उचलला आणि माझ्या खांद्याजवळ त्यांचा हात थबकला. मी तो धरला आणि खांद्यावर दाबून ठेवला.

"तीन सालांत माणसाला हात लावला नव्हता, ताई," आपा म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले, भर दुकानात.

मग त्यांनी डोळे पुसले आणि माझी बाही चिमटीत धरली. "या अल्ला, नायलॉन! आन् जांभळा तुम्हाला शोभत नाय हं. ही घेऊ नका."

मी तीच घेतली.