लाल की राखाडी?

यंत्र बघताक्षणी ओळखणारी माणसं फार थोडी असतात, आणि त्यांतला एक मी! हे मी माझ्या बायकोला, प्रेमलताला, लग्न झाल्यापासून सांगत आलो आहे. ती दर वेळी "हो का?" एवढंच म्हणते. त्या "हो का"मागे पाण्याचा एक पंप आहे. त्र्याहत्तर साली सासऱ्यांच्या विहिरीसाठी तो मी स्वतः पारखून नागपूरहून नेला होता. पंप उत्तम होता हो! फक्त विहीर त्याच्या मानाने फार खोल निघाली. तेव्हापासून नरखेड तालुक्यातल्या त्या गावात मला नावानं कुणी ओळखत नाही. "पंपवाले जवाई आले," असंच म्हणतात.

म्हणून शहात्तर साली सासऱ्यांचं पत्र आलं तेव्हा मी खुर्चीतून उडालोच. मारोतरावांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जोडीतला एक बैल उन्हाळ्यात गेला होता. दुसरा म्हातारा झालेला. वाडीचे जुन्या यंत्रांचे व्यापारी ईश्वरदास, त्यांच्याकडे गोदामात दोन जुने ट्रॅक्टर पडून होते, एक लाल आणि एक राखाडी. दोघांचंही वय विशीच्या पुढे. ईश्वरदासांनी दोन्ही आठ दिवस वापरायला देऊ केले होते. एक ठेवायचा आणि दुसरा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रक परत नेणार. "रोजच्या कामाले कोनता बरा, ते तुमी येऊन सांगा," असं मारोतरावांनी लिहिलं होतं. मला! पंपानंतरही!

मी ताबडतोब रजा टाकली. मी सरकारी खरेदीच्या कचेरीत आहे. आमच्याकडे टाचणीसुद्धा तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय येत नाही. मग ट्रॅक्टर कसा येईल? मी बरोबर फूटपट्टी, मोजपट्टी, घड्याळ आणि रेघा मारलेले बारा कागद घेतले. प्रेमलतानं फक्त सपाता घेतल्या.

लाल गडी म्हणजे काय रुबाब! चाकं माझ्या छातीएवढी, धुराची नळी पुरुषभर उंच. राखाडी त्याच्या शेजारी बुटका, गरीब चेहऱ्याचा. तो पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्यावा लागे आणि त्याला पाणी फार लागे. मारोतरावांचे जुने सालदार बाबाराव त्याच्या रेडिएटरचं झाकण उघडून सारखे लोट्यानं पाणी ओतत.

"लई तहान लागते बिचाऱ्याले," बाबाराव म्हणाले. मी 'तहान' असा रकाना आखला.

खरं सांगतो, मला इतकी मजा अनेक वर्षांत आली नव्हती. प्रत्येक गोष्टीचं कुतूहल! पुढचं चाक लहान आणि मागचं मोठं का? सकाळी जास्त ओढतो की संध्याकाळी? चढ आला हे त्याला आधी कळतं की चढावर गेल्यावर? इंजिनाच्या आत नेमकं काय चाललंय ते ऐकायला मी बॉनेटला कान लावला. कानाला दोन दिवस लोणी चोळावं लागलं, पण निरीक्षण कागदावर उतरलं!

चाचण्या मी शाळेपुढच्या रस्त्यावर घेत असे. रस्ता पक्का होता आणि थोडा उताराचा, त्यामुळे चिखल नव्हता.

"जवाईबुवा," बाबाराव रोज म्हणत, "एकडाव संत्र्याच्या बगिच्यात नेऊन पाहा ना. काम तं तिथंच हाय."

"ते शेवटी! पद्धतीनं जायचं असतं."

"उताराच्या रस्त्यावर तं बैलाबिना बंडीबी पळते," बाबाराव पुटपुटले. याला काही रकाना नव्हता.

सातव्या दिवशी बेरीज झाली. लाल एक्क्याऐंशी, राखाडी सदतीस! मी तक्ता सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

पोळ्याच्या दिवशी मात्र घर उदास होतं. सासूबाई, जिजाबाई, पुरण वाटत होत्या. म्हाताऱ्या बैलाचे पाय सुजलेले, तो दावणीलाच बसून होता. मारोतराव ओसरीवर मेलेल्या बैलाची झूल मांडीवर घेऊन बसले होते.

"चाळीस वर्ष झाले," ते म्हणाले, "आपली जोडी तोरनाखाली उभी नाही, असं पहिल्यांदाच होऊन राहिलं."

मनाला काही लागलं की मी लगेच काहीतरी करून बसतो, हा माझा जुना दोष आहे.

"मामाजी," मी ओरडलो, "लाल उभा करू!"

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला म्हणता! फेटा निघाला. बाबारावांनी झूल लालच्या बॉनेटवर बांधली, दिव्यांना गोंडे लावले. मी स्टिअरिंगवर, मारोतराव शेजारी मडगार्डवर, अशी आमची स्वारी शाळेपुढचा उतार उतरून मारुतीच्या देवळापुढे गेली. सगळं गाव बघत होतं. "पंपवाले जवाई" असं कुणी म्हटलं नाही, असा तो पहिलाच दिवस.

देवळापुढे दोन बल्ल्यांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली पन्नासेक जोड्या ओळीनं उभ्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून होणार, मग पाटलांच्या हातून तोरण तुटणार आणि मग पोळा फुटणार, म्हणजे बैल घरोघर जाणार. तोरण तोडायचा मान पाटलांचाच. त्यावरून मामाजींच्या आजोबांच्या काळात डोकी फुटलेली आहेत.

"थोडं पुढं घ्या," मारोतराव म्हणाले. मी घेतलं.

तोरण बैलांच्या उंचीनं बांधलेलं होतं. लालची नळी पुरुषभर उंच होती. मी बारा कागद भरून मापं घेतली होती, पण तोरणाचं माप कोण घेतो?

नळीनं दोरी अशी अलगद उचलली! मी घाबरून ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबलं. लालनं उडी मारली. दोन्ही बल्ल्या आडव्या! तोरण लालच्या गळ्यात!

"पोळा फुटला! पोळा फुटला!" पोरं ओरडली. पन्नास जोड्या पन्नास दिशांना! पाटील हात वर करून तसेच उभे. पुरोहित देवळाच्या ओट्यावर. आणि त्याच क्षणी लाल आचके देऊन बंद पडला.

"चालू करा लवकर!" मारोतराव म्हणाले.

मी केला. झाला नाही. मग मला आठवलं की माझ्या सगळ्या चाचण्यांत तो उतारावर घरंगळतच सुरू होत असे. 'सुरू होणे' या रकान्यात मी त्याला दहापैकी दहा दिले होते. देवळापुढची जागा तळहातासारखी सपाट होती!

बाबाराव मागच्या मागे घरी गेले आणि राखाडी घेऊन आले. त्यांनी साखळी लावली. बुटका कण्हत कुंथत त्या रुबाबदार गड्याला गावातून ओढत निघाला. मारोतराव मागून पायी चालत होते, फेटा हातात. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मला खरंच रडू येत होतं.

दारात जिजाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. त्यांना देवळापुढचं काहीच माहीत नव्हतं. समोर आला तो राखाडी. त्यांनी त्याची पुढची चाकं धुतली, कुंकू लावलं, आणि तूप घातलेली पुरणपोळी हातात घेऊन थबकल्या.

"बाबाराव, याचं तोंड कोनतं गा?"

बाबारावांनी पाण्यासाठी झाकण उघडलेलंच होतं. "पानी तं इथूनच पितो, मालकीनबाई."

"नका!" मी किंचाळलो. पण जिजाबाईंनी अख्खी पोळी, तुपासकट, रेडिएटरमध्ये घातली. वर हातही जोडले. राखाडीनं मोठा ढेकर दिला आणि अंगणभर गूळ-जायफळाची वाफ पसरली.

मारोतराव बघत राहिले. आणि मग हसायला लागले! पोट धरून, भिंतीला टेकून. उन्हाळ्यापासून ते हसले नव्हते, असं प्रेमलता म्हणाली. नंतर त्यांनी स्वतः लालवरची झूल सोडली आणि राखाडीवर घातली.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. "कौनसा ले जाना है?" ड्रायव्हरनं विचारलं.

"लाल," मारोतराव म्हणाले.

"पण मामाजी, एक्क्याऐंशी गुण!"

"असतीन ना. पन हा पोळ्याच्या दिवशी आपल्या दारात जेवला. जेवलेल्याले वापस धाडत नाहीत."

रेडिएटर धुवायला बाबारावांना चार दिवस लागले. नंतर मात्र राखाडी संत्र्याच्या झाडांमधून एकही फांदी न मोडता बारा वर्षं राबला.

परतीच्या एसटीत मी प्रेमलताला म्हणालो, "हा काय न्याय? यंत्र ठेवायचं की नाही, ते त्यानं जेवण केलं की नाही यावर ठरवतात का?"

"हो तर," ती म्हणाली. "तुम्ही पंप घेऊन आला होतात ना, तेव्हा बाबा तुम्हालाच परत पाठवणार होते. आई म्हणाली, आता राहू द्या, जेवले ते."