डावखुऱ्या राजाचं चौथं कार्ड

वामननानांना कुठलीही वस्तू दाखवा, ती हातात घेण्याआधी ते विचारणार, "अशा किती आहेत?"

मी शाळामास्तरीण होऊन बुऱ्हाणपुरात आले आणि लालबागेत त्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच दिवशी शेजारधर्म म्हणून मावा जलेबी घेऊन गेले. नानांनी द्रोणात डोकावून विचारलं, "किती आहेत?" मनात म्हटलं, माणूस हावरट दिसतोय. "सहा," मी सांगितलं.

"द्रोणातल्या नाही. दुकानात किती होत्या?"

"परातभर होत्या की."

"मंग काही विशेष नाही," असं म्हणून त्यांनी त्यातल्या दोन खाल्ल्या.

पुढे कळलं की हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. कुणी जुनं नाणं घेऊन येई, कुणी पोस्टाचं तिकीट, कुणी काडेपेटीवरचं चित्र. नाना भिंग लावून बघत आणि न्यायाधीशासारखा निकाल देत. बहादरपूरचा एक बागायतदार एकाच सालीत दोन केळी असलेलं जुळं केळं घेऊन मोठ्या हौसेनं आला. "बागेत अशी किती निघतात?" नानांनी विचारलं. "दर दोन-चार घडांत एखादं निघतं," तो म्हणाला. "मंग खाऊन टाक," नाना म्हणाले. तो बिचारा तसाच उठला. माझ्या मते त्याला निदान चहा तरी विचारायला हवा होता.

"बाई, सीधी बात आहे," नाना मला समजावत. "भाव वस्तूला नसतो. तशा जगात किती उरल्यात, त्याला असतो."

हे सगळं ज्ञान त्यांना एका कार्डावरून आलं होतं. नाना गावातल्या एका दगडी छापखान्यात यंत्रावर होते. तिथे चित्र गुळगुळीत दगडावर काढायचं आणि त्यावरून कागदावर छापायचं. संस्थानांच्या विलीनीकरणाची नुसती कुजबुज होती, त्या दिवसांत एका चहावाल्यानं या छापखान्याला काम दिलं. पुड्यात घालायला राजेमहाराजांच्या चित्रांची कार्डं, म्हणजे पोरं ती जमवतील आणि त्यांच्या आया चहा घेतील. पहिला राजा निवडला तो नखाएवढ्या संस्थानाचा, बहुतेक त्याची मिशी संस्थानापेक्षा मोठी म्हणून.

आता दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. चित्र काढणाऱ्यानं अक्षरं उलटी काढली, चेहरा उलटा काढला, फेट्याचा तुरासुद्धा उलटा काढला. तलवार मात्र समोरच्या फोटोत दिसली तशीच काढून ठेवली! नमुना छापून बघतात तर महाराज डावखुरे. दुरुस्ती करायच्या आत संस्थानच विलीन झालं. राज्य नसलेला राजा पुड्यात घालून काय करू, म्हणून चहावाल्यानं काम रद्द केलं आणि छापखान्यानं दगड घासून कोरा केला.

"नमुने किती निघाले होते?" मी नानांचाच प्रश्न नानांना विचारला.

"चार. एक मालकांनी तिथंच फाडला. दुसऱ्या नमुन्यानं कुणीतरी शाईचा रूळ पुसला, गाढवच तो. तिसरा हा माझा."

"आणि चौथा?"

"आहे," नाना म्हणाले आणि भिंग पुसत बसले.

या चौथ्यानं माणसाला पछाडलं होतं. चौथं कार्ड जगात असेल तर नानांचं दोनांतलं एक, नसेल तर एकमेव. साऱ्या लालबागेला हे पाठ होतं आणि जो तो त्यांना छेडत असे, "काय नाना, चौथा राजा गादीवर आला का?" महिन्याला दोन-तीन पोस्टकार्डं ते गावोगावच्या छापखान्यांना धाडत. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात. मजकूर ठरलेला: 'डावखुऱ्या राजाचं कार्ड आपल्याकडे कामाला असलेल्या कुणापाशी असल्यास कृपया कळवावे.' मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, शौकिनांना लिहा, जमवणाऱ्यांना लिहा. छापखान्यांना कशाला?" तर मान डोलावून म्हणाले, "हाव, तुम्ही लिहा तर."

मला वाटे, कसली ही चिकट भीती! कुणीतरी दुसरं कार्ड काढेल आणि यांचा भाव पडेल म्हणून माणूस झुरतोय. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शिवणयंत्रासाठी पै-पै जमवत होत्या, आणि हे टपाल खात्याची भर करत होते. मी काकूंच्या बाजूनं दोनदा भांडलेही. काकू नुसत्या म्हणायच्या, "लिहू द्या हो बाई त्यांना."

बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात आलं, त्या हिवाळ्यात इंदूरहून एक गृहस्थ आले. सुटाबुटातले, बोलायला गोड. संस्थानं गेली तशी संस्थानांच्या वस्तूंची हौस वाढली होती आणि यांच्याकडे पैसा होता. त्यांनी कार्ड उजेडात धरलं, पालथं केलं, आणि विचारलं, "अशी किती आहेत?"

मला हसूच फुटलं. नाना मात्र हसले नाहीत.

"चार नमुने निघाले होते," ते म्हणाले.

"ते झालं. आज किती आहेत? हे बघा, दुसरं असण्याची शंका असेल तर चाळीस रुपये देतो. हे एकमेव आहे असं लिहून दिलंत तर तीनशे."

तीनशे! शिवणयंत्र येऊन वर घराची कौलं बदलली असती. मी तर नानांच्या उत्तराची वाटही पाहिली नाही. वहीचं पान फाडलं आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहून टाकलं: 'या कार्डाची दुसरी प्रत आज अस्तित्वात नाही.' दौत पुढे सरकवली. "करा सही, नाना. इतकी वर्षं झाली, कुणाचं साधं उत्तर तरी आलं का?"

नानांनी टाक शाईत बुडवला. कागदापर्यंत नेला. मग तो तिथेच धरून ठेवला, शाईचा थेंब माझ्या अक्षरावर पडेपर्यंत.

"पहिल्यांदा विकताना असंच होतं," गृहस्थ समजुतीनं म्हणाले. "वस्तूवर जीव असतो माणसाचा."

तेवढ्यात काकू आतून आल्या. त्यांनी नानांच्या हातातून टाक काढून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, चहा घ्या. मग तुमच्या गाडीची वेळ होईल."

गृहस्थ गेल्यावर मी फणफणले. "काकू, तुम्हीसुद्धा? नुसती एक सही तर होती!"

"तसं लिहून कसं द्यायचं बाई?" काकू म्हणाल्या. "चौथं एकनाथभाऊजींकडे आहे."

हे नाव मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते. एकनाथ हा नानांचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर नानांनीच त्याला वाढवला, छापखान्यात लावला, दगडावर चित्रं काढायला शिकवलं. तलवारीची चूक त्याचीच होती. वय अवघं एकोणीस. मालक सगळ्यांदेखत नानांना बोलले, आणि नानांनी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. तो गेला तो आजतागायत परतला नाही. हातात कला दगडावर काढायची, तेव्हा जिथं असेल तिथं छापखान्यातच असणार.

मी वहीचं पान उचललं आणि चुरगाळलं. माझी मलाच इतकी लाज वाटली की नानांकडे बघवेना.

"मारायला नको होतं हो बाई," नाना म्हणाले. डोळे पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. "मिशीचा एकेक केस काढला होता पोरानं. तो कुणी पाहिलाच नाही. मीही नाही."

मी चुरगाळलेलं पान पदराखाली लपवलं.

"जाताना त्यानं एक कार्ड उचललं. मला वाटलं, आता माझ्या तोंडावर फाडून फेकणार. फेकायलाच हवं होतं. पण शाई ओली होती ना, तर तळहातावर सपाट धरलं, वारा लागू नये म्हणून वरून दुसरा हात आडवा धरला आणि तसाच चालत गेला. मी दारातून बघत होतो. वळणापर्यंत त्यानं हात खाली केला नाही." नाना माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा. इतकं जपून नेलेलं माणूस टाकून देतं का?"

"नाही टाकत, नाना," मी म्हटलं, आणि नवं पोस्टकार्ड काढून विचारलं, "आज कुठल्या गावाला लिहायचं?"