लेखकराव गॅलरीत अडकतात

"या कापडावर पाऊल ठेवलंत तर याद राखा," बायको पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली. हॉलभर मखमल अंथरली होती, खडूच्या खुणांसकट. पडदे शिवण्याच्या तिच्या धंद्यातली ही आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर, आणि या मखमलीला पाण्याचा डाग पडला की तो जन्मात जात नाही. "मी अस्तर घेऊन येते. तोवर तेवढी भांडी घासा."

"अगं, आज माझी पोस्ट जायचीय."

"लेखकराव, तुमच्या त्या हजारो वाचकांपैकी एक तरी आपल्या घराच्या उपयोगी पडलाय का कधी? एक दाखवा. नाहीतर या महिन्यापासून ब्लॉग बंद."

"कुटुंब आहे ते माझं!" लेखकराव छातीवर हात ठेवून म्हणाले. तोवर बायको जिना उतरलीसुद्धा होती.

लेखकराव विमा कचेरीत कारकून. पण ब्लॉगवर ते पहाटे उठत, ध्यान करत, रागावर विजय मिळवत, आणि ते सगळं रोज चार ओळींत जगाला सांगत. सुरुवातीची ओळ दचकवणारी हवी, हे त्यांनी कुठंसं वाचलं होतं. त्यामुळे 'काल मी मेलो' असं लिहून ते पुढे एखादी वाईट सवय सोडल्याचं सांगत. 'मी विहिरीत पडलोय' ही पोस्ट आळसाबद्दल होती.

भांडी भिजू देत म्हणून सिंकला बूच लावून त्यांनी नळ सोडला, तेवढ्यात गॅलरीतलं ऊन त्यांच्या नजरेत भरलं. असं ऊन फोटोला रोज कुठं मिळतं? भिंतीला चिकटून, चवड्यांवर चालत त्यांनी मखमल ओलांडली. हातात फोटोसाठी ठेवलेला जुना फोन होता. त्यात सिमकार्ड नव्हतं, घरच्या वायफायवर तो चालायचा. गॅलरीत जाऊन त्यांनी काचेचं दार मागे ओढून घेतलं आणि आतला खटका खट्कन बसला.

हा खटका कधीचा बिघडला होता. लेखकरावांनी त्यावर 'छोट्या दुरुस्त्या लांबणीवर टाकू नका' असा लेखही लिहिला होता. लेखाचं कौतुक झालं होतं. खटका तसाच होता.

'येईल बायको,' असं म्हणून त्यांनी दोन फोटो काढलेसुद्धा. मग त्यांना नळ आठवला. काचेला नाक लावून पाहतात तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाण्याचा एक ओघळ सावकाश हॉलकडे निघालेला. मखमल त्याच्या वाटेतच होती.

त्यांनी हात उंचावून आरडाओरडा केला. समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालत होती. लेखकराव रोज इथंच उभे राहून, हातवारे करत फोनसमोर बोलत. "सुरू झालं बघ यांचं," ती घरात कुणाला तरी म्हणाली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

बायकोचा नंबर पाठ नव्हता. तो आत, चार्जिंगला लावलेल्या फोनमध्ये होता. इंटरनेटवर गाठावं तर बायकोनं त्यांना तिथं ब्लॉक करून ठेवलं होतं. 'घरी ऐकते तेवढं पुरे,' असं तिचं म्हणणं.

राहिलं कुटुंब. लेखकरावांनी घाईघाईनं लिहिलं, 'मी गॅलरीत अडकलोय. दार आतून बंद आहे. कुणीतरी या.'

धडाधड प्रतिक्रिया आल्या.

"सर, आपण सगळेच आपापल्या गॅलरीत अडकलोय."

"दार आतूनच बंद असतं! काय बोललात!"

"अहो, खरंच अडकलोय," लेखकरावांनी लिहिलं. "घरात पाणी शिरतंय."

"डोळ्यांत पाणी आणलंत, सर."

दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, यापलीकडे गॅलरी नव्हती. लेखकराव तेवढ्यातच येरझाऱ्या घालत होते आणि दर फेरीला काचेतून बघत होते. ओघळ आता कपाटाशी पोचला होता. त्यांनी घराचा पत्ता टाकला, मजला टाकला. कुणीतरी पत्त्यासकट ती पोस्ट सुंदर फुलांच्या चित्रावर छापून फिरवली. इतकी दाद त्यांना जन्मात मिळाली नव्हती, आणि त्यांना रडू येत होतं.

तेवढ्यात ती नेहमीची प्रतिक्रिया आली. 'पुरावा द्या.'

हा एक इसम त्यांच्या प्रत्येक पोस्टखाली एवढंच लिहायचा. नाव नाही, चेहरा नाही. लेखकराव त्याला मनातल्या मनात खूप काही बोलत. आज मात्र त्यांनी लिहिलं, "पत्ता दिलाय. हिंमत असेल तर येऊन बघा!"

"येतोच," उत्तर आलं.

बेल वाजली. पुन्हा वाजली. मग कुलपात किल्ली फिरली आणि दारातून शेजारचे तपासनीस आत आले. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासून निवृत्त झालेला, एकटा राहणारा माणूस. घराची जादा किल्ली बायको त्यांच्याकडेच ठेवायची. ते भिंतीकडेनं काचेपाशी आले, चष्मा वर केला आणि शांतपणे लेखकरावांचा फोटो काढला.

"कापड! कापड!" लेखकराव ओरडले. तपासनिसांनी ऐकू येत नसल्याची खूण केली.

लेखकरावांनी पटकन प्रतिक्रिया लिहिली, 'कापड उचला!'

तपासनिसांनी ती वाचली, विचार केला आणि लिहिलं, 'कोणतं?'

'मागे बघा!!!'

तपासनीस वळले. पाणी मखमलीपासून वीतभर राहिलं होतं. म्हाताऱ्यानं अख्खी मखमल झटक्यात कवेत घेतली, सोफ्यावर टाकली, जाऊन नळ बंद केला आणि मगच गॅलरीचा खटका काढला.

"तुम्ही? 'पुरावा द्या' म्हणजे तुम्ही?"

"पहाटे ध्यान करतो म्हणून लिहिता. भिंतीपलीकडून मला घोरणं ऐकू येतं," तपासनीस म्हणाले. "मग माणसानं विचारू नये?"

"तुम्ही यायच्या आधी इथून ओरडत होतो, ते नाही ऐकू आलं?"

"आलं की. वाटलं, रागावर विजय चाललाय."

बायको आली तेव्हा दोघं गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. तिनं आधी मखमल उलटसुलट करून पाहिली. मग सगळं ऐकून घेतलं आणि खाली बसून पोट धरून हसली. "एक दाखवा म्हटलं होतं मी. दाखवलात हो! ब्लॉग राहू दे चालू. खटका मात्र आजच."

निघताना तपासनीस दारात घुटमळले. "लिहिता ना उद्या? नाही म्हणजे, सकाळी दुसरं कुणी बोलायला नसतं मला."

दुसऱ्या दिवशी लेखकरावांनी फोन घेतला आणि लिहिलं, 'आज पहाटे ध्यानाला बसलो असताना...' ते थांबले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग ते खोडून त्यांनी लिहिलं, 'आज उशिरा उठलो. खटका दुरुस्त केला.'

बराच वेळ कुणी फिरकलं नाही. मग त्या पोस्टखाली एकच प्रतिक्रिया आली. 'बरोबर आहे. ठोकल्याचा आवाज आला. चहाला येऊ का?'