निळ्या दारामागचं दुकान

या शहरात एखादी शांत, देखणी जागा शोधायची असेल तर लोकांनी नकाशे बघू नयेत, सरळ मला विचारावं! हाताने कागद कुठल्या गल्लीत बनवतात, काचेचे दिवे कुठल्या जिन्याखाली मिळतात, काहीही न घेता तासभर बसलं तरी कुठल्या दुकानात कोणी उठवत नाही, सगळं मला तोंडपाठ. बायको म्हणते, "तुला घरातला हातोडा सापडत नाही!" पण घर वेगळं, शहर वेगळं.

म्हणून आत्याने परत जायला पिशवी भरायला घेतली, तेव्हा मी छाती पुढे काढली.

ही माझी आत्या. आई-बाबा कामावर जायचे, तेव्हा हिनेच मला भरवलं, न्हाऊ घातलं, बदडलंसुद्धा. आता गावात ती एकटी, त्यात गुडघे कुरकुरतात, म्हणून मी तिला कायमची आमच्याकडे आणली. पण आठवड्यातच तिने जाहीर केलं, "मी चालले बाबा! डोकं पिकलं माझं इथे. सकाळपासून कटकट कटकट!"

"रहदारी ना?" मी म्हणालो. "समोरचं बांधकामही आहेच म्हणा! आत्या, तू शहराची उलटी बाजू बघितलीस. उद्या तुला अशी जागा दाखवतो, की तूच म्हणशील, मी इथेच राहते!"

ती काहीतरी बोलणार होती, पण मी तोवर रस्ता आखायला लागलो होतो.

पहिलं दुकान लाकडी सामानाचं. पांढऱ्या भिंती, मधोमध एक खुर्ची, बाकी सगळी हवा. "टेक आत्या," म्हणत मी आधी स्वतःच टेकलो. खुर्ची लाजल्यासारखी हळूच खाली गेली आणि तिचे चार पाय चार दिशांना!

दुकानवाली तरुणी धावत आली. "अहो, ती खुर्ची नाहीये!"

"मग काय आहे?"

"खुर्चीची कल्पना आहे ती!"

मी जमिनीवर, कल्पनेच्या तुकड्यांत. नशीब, पाय नुसते अडकवलेले होते. ते तिने पुन्हा बसवले. मी मात्र काही तिथे पुन्हा बसलो नाही.

"खरी जागा पुढे आहे!" मी कपडे झटकत म्हणालो. मातीच्या भांड्यांचं एक दुकान होतं, निळ्या दाराचं. मागे कधीतरी बायकोबरोबर गेलो होतो. गल्लीत वळलो, निळं दार उघडंच होतं. आत गेलो आणि मीच गार झालो. काय ती मांडणी! खिडकीत कुंड्या, फळीवर वाडगे, सुरकुतलेल्या उशा, अर्धवट विणलेला स्वेटर, पायपुसण्यावर मांजर. एखादं दुकान इतकं घरासारखं!

आतून एक बाई आल्या. केस पांढरे, हाताला ओली माती. "या, या! तुमचीच वाट बघत होते."

"बघ, याला म्हणतात गिऱ्हाईकाचं स्वागत!" मी आत्याच्या कानात म्हणालो.

आत्या म्हणाली, "अरे पोपटा, मला वाटतं हे..."

"आवडलं ना? थांब, पुढे बघ!"

बाई म्हणाल्या, "सगळं नीट बघून घ्या हं. मागची खोलीसुद्धा. मी तोवर यांना चहा देते."

आत्या खिडकीजवळ बसली. मी संशोधनाला निघालो. कपाट उघडलं, तर आतले कपडे धबधब्यासारखे अंगावर! कापडाचा विभाग असणार. ते कोंबून ठेवले. पुढच्या खोलीत पलंग होता. गादी दाबून बघितली, मग बसून, मग आडवा होऊन. अहाहा! डोळे मिटले.

उघडले, तेव्हा समोर एक गृहस्थ. कमरेला टॉवेल, गालांवर साबणाचा फेस, हातात दाढीचं सामान.

"गादी छान आहे," मी झोपूनच म्हणालो. "दुसऱ्या रंगात मिळेल का?"

गृहस्थांनी अशी किंकाळी फोडली, की मांजर फळीवर आणि एक वाडगा खाली! "ताई! माझ्या पलंगावर माणूस!"

ताई धावत आल्या, मागून आत्या कप घेऊन शांतपणे.

"अहो, हा माझा भाऊ," बाई म्हणाल्या. "भाड्याची खोली ही नाही, मागची!"

"भाड्याची? हे दुकान नाही?"

"दुकान पलीकडच्या निळ्या दारात. हे आमचं घर. मागच्या खोलीसाठी कुणीतरी बाई येणार होत्या, मला वाटलं याच!"

माझा चेहरा त्या खुर्चीसारखाच खाली गेला. मी माफी मागितली. टॉवेलवाल्यांची मागितली, मांजराचीही मागितली. मग आत्याकडे वळलो. "तुला कळलं होतं?"

"दाराशीच! बाहेर वाळत घातलेले मोजे दुकानात असतात होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू देशील तेव्हा ना!"

टॉवेलवाले खो खो हसायला लागले. मी घाईघाईने वाडग्याचे तुकडे गोळा केले. "चल आत्या, निघू या."

ती हलली नाही. बाईंनी मागचं दार उघडलं. छोटीशी खोली, तिच्यापुढे फरसबंदीचा चौक, एक झाड, त्याखाली बाक. आत्या बाकावर बसली. पलीकडे बाई भांडी घडवायच्या चाकापाशी बसल्या. कुणी काही बोललं नाही. आत्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आठवडाभरात मी पाहिलं नव्हतं.

"मी इथेच राहते," आत्या म्हणाली.

मी उडालोच! "बघ! मी म्हटलं नव्हतं? म्हणजे तू गावाला जात नाहीस!"

"नाही. पण तुझ्या घरीही येत नाही. ही खोली घेते मी."

"अगं, का? रहदारी तर इथेही ऐकू येते!"

"रहदारीचं कोण म्हणालं?" तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "कटकट तुझी रे, राजा. मोठा गुणी आहेस, पण तू झोपेतसुद्धा रस्ते सांगतोस!"

घरी सांगितलं तर बायकोने आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग विचारलं, "तिथे अजून एखादी खोली आहे का?"

आता आम्ही दर रविवारी आत्याकडे जातो. ती आणि बाई माती मळतात. मी बाकावर ओठ शिवल्यासारखा बसतो, अगदी कोपऱ्यात ठेवलेल्या मडक्यासारखा. थोड्या वेळाने आत्याच उठते, माझ्या कपाळाला मातीचा हात लावून बघते आणि काळजीने म्हणते,

"काय रे, बरं नाही का तुला? बोल की काहीतरी!"