सुप्रियाच्या टीममधला चौथा

जगदीशने मोबाईलवर तो बंदुकांचा खेळ घेतला तो खेळायला नव्हे, एका माणसाला पकडायला.

त्याची बायको सुप्रिया रोज संध्याकाळी सातला कुकर उतरवायची, मोबाईल आडवा धरायची आणि तासभर माणसं मारायची. त्याबद्दल जगदीशची तक्रार नव्हती. (एकदा केली होती. मग दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं.) टीम चौघांची. एक सुप्रिया, दुसरा तिचा भाऊ किरण, तिसरी खालापूरची मैत्रीण कशिश. आणि चौथा? विचारलं की सुप्रिया म्हणायची, "आहेत एक."

आहेत! आणि या 'आहेत'शी बोलताना तिचा आवाज काय मऊ व्हायचा! "घाबरू नका. मी आहे ना मागे. शाबास! बघा, जमलं की नाही?" नऊ वर्षांच्या संसारात जगदीशला एक शाबास मिळालं नव्हतं. भरलेला सिलिंडर एकट्याने वर चढवला तेव्हासुद्धा "फरशी फुटली असती" एवढंच ऐकायला मिळालं होतं. मग माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

घरात पुण्यवान अशी एकच, त्याची आई, चिमाआई. सात वाजले की खोलीचं दार लोटून, कानात ते वायरवालं घालून हरिपाठ ऐकत माळ ओढत बसायची. इतकी की दोन्ही अंगठे दुखायचे. जगदीश रोज रात्रीच्या जेवणाआधी तिच्या अंगठ्यांना बाम चोळायचा आणि कामावर सांगायचा, "माझी आय बघा, आणि माझी बायको बघा!"

तर चौथ्याला खेळातच गाठून लोळवायचं ठरलं. जगदीश खालापूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला, मोबाईल एका बाजूला, अशी तयारी सुरू झाली.

पहिल्या डावात तो विमानातून उतरला, एका घरासमोर उभा राहिला आणि दार कुठल्या बटणाने उघडतं ते शोधता शोधता मेला. दुसऱ्या डावात चुकून खाली बसला. उठायचं कसं ते सापडेना, म्हणून बसल्या बसल्या मेला. तिसऱ्यात बॉम्ब फेकला, तो स्वतःच्याच पायावर. त्याच्याच बाजूचा कुणी अनोळखी हिंदीत ओरडला, "अंकल, गेम डिलीट मार दो!"

अंकल! चाळिशीला अजून चार महिने होते.

आठवडाभरात दहा डाव झाले आणि जगदीश दहा वेळा मेला. प्रत्येक वेळी तो असा पटकन मेला की त्याची खात्रीच पटली, हे साधं मरण नव्हे. तो चौथाच टपून बसतोय. सुप्रियानेच त्याला सांगितलं असणार.

गुरुवारी संध्याकाळी तो कर्जतला घरी आला तो धुमसतच. ओटीवर पिशवी आपटली.

"ही काय रीत झाली?" तो गरजला. "आमच्या कारखान्यात नवा माणूस आला तर त्याला पाणी कुठं, संडास कुठं हे तरी दाखवतात! आणि ह्या तुमच्या खेळात? आठवडा झाला मला, आल्या आल्या गोळी! नव्या माणसानं शिकायचं कधी? कुणी सांगायचं नाय, कुणी सांभाळून घ्यायचं नाय, वर दात काढायचे! लाज वाटाया पायजे सगळ्यांना!"

सुप्रियाने मोबाईलमधून मान वर केली. आज तिचा चेहरा वेगळाच होता.

"माझी पहिली भाकरी आठवते?" ती म्हणाली.

जगदीशला चांगलीच आठवत होती. सुप्रिया घाटावरची, हात ज्वारीच्या भाकरीचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे तांदळाचं पीठ ठेवलं. आधी उकड काढायची असते हे एकीनेही सांगितलं नाही. गार पाण्यात मळलेली भाकरी तव्यावर तुकडे तुकडे झाली आणि अख्खं घर पोट धरून हसलं. सर्वात मोठ्याने जगदीश. पुढे नऊ वर्षं प्रत्येक लग्नात त्याने तो किस्सा सांगितला, कोंडाणे गावातल्या एका साखरपुड्यात तर उभा राहून.

"मी न्हाणीत जाऊन रडले होते," ती म्हणाली. "तुम्हाला आठवड्यातच लाज आठवली."

जगदीशला ते लागलं. पण लागलं म्हणून गप्प बसला तर तो जगदीश कसला? "विषय बदलू नको!" तो ओरडला. "त्या चौथ्याला आत्ता फोन लाव!"

"फोन कशाला? दार उघडा," सुप्रियाने आईच्या खोलीकडे बोट केलं.

त्याने दार ढकललं. चिमाआई खाटेवर मांडी घालून, मोबाईल आडवा धरून बसली होती. माळ खुंटीला.

"दार लाव रं!" ती खेकसली. "दोन जण जिन्यावर हायत!"

दोघांना आडवं करूनच आईने मान वर केली.

"हिच्या भाकरीला मी पन हसले व्हते," ती म्हणाली. "हिनं मला महिनाभर शिकवलं, एकदा बी हसली नाय. मीच म्हणलं, जगूला सांगू नको, गावभर करंल."

"आणि तू मला मारलंस? पोटच्या पोराला? दहा वेळा?"

"मी कशाला मारू? आण तुजा फोन." चिमाआईने चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ धरला. "दहाच डाव? अरं, नव्या माणसाला पयले दहा डाव समोर माणसं देतच नायत. नुसते पुतळे असतात, कंपनीचे. नेम पन मुद्दाम चुकवतात, शिकाया मिळावं म्हणून."

"चुकवतात?"

"चुकवतात. तू आडवा गेला आसशील."

दारात सुप्रियाने तोंडात ओढणी कोंबली. तिचे खांदे हलायला लागले.

"हसू नको गं त्याला," चिमाआई म्हणाली आणि बामची बाटली जगदीशच्या हातात दिली. "नवीन हाय."