नियम सातवा

अभ्यासिकेत सत्तावीस वर्षांत मोठ्यानं खोकलेल्या माणसांची संख्या चार होती आणि चारही नावं ग्रंथपालांच्या नोंदवहीत होती. पाचवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा ते त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी ते लिहिलं. ‘११.४०. खोकला. ग्रंथपाल.’ पुढच्या ओळीत ११.४५ची नोंद होती.

हा खोकला कोरडा होता. घशात कुणी काडी फिरवतंय असा तो यायचा आणि आला की पंख्याच्या पात्यांखालच्या चाळीस माना एकदम वर व्हायच्या. नियमाप्रमाणे तीन नोंदी झाल्या की आठवडाभर प्रवेश बंद. पहिल्याच दिवशी ग्रंथपालांच्या नावावर एकवीस नोंदी पडल्या. स्वतःला बाहेर काढायची तरतूद नियमात नव्हती, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

महिन्याभरापूर्वी त्यांना रक्तदाब निघाला होता आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एक पांढरी गोळी सुरू केली होती. खोकल्यासाठी ते घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक लाल पातळ औषध दिलं. खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या, त्यावर घराजवळच्या दुकानातून एक पिवळी गोळी आली. पिवळ्या गोळीनं पोटात आग पडली, म्हणून पोटाचे डॉक्टर. महिन्यानं रक्तदाब मोजला तर तो वाढलेला. हृदयाच्या डॉक्टरांनी पांढरी गोळी दुप्पट केली. खोकलाही वाढला. घशाच्या डॉक्टरांनी लाल औषध दुप्पट केलं.

ग्रंथपालांनी तीन फायली केल्या होत्या. हृदय निळी, घसा हिरवी, पोट तपकिरी. ज्या डॉक्टरकडे जायचं, तेवढीच फाईल ते बरोबर नेत.

“अहो, तिन्ही फायली एकदा एकालाच दाखवा की,” बायको म्हणाली.

“अगं, हृदयाच्या माणसाला पोटाचं कशाला सांगायचं? प्रत्येक विषयाला आपापलं कपाट असतं.”

“सगळं जातंय ते एकाच तोंडातून ना?”

“तोंड म्हणजे नुसता दरवाजा. वाचनालयालाही एकच दरवाजा आहे.”

बायकोनं कपाळावर हात मारला. लग्नाला तीस वर्षं झाली होती. या हाताला सवय होती.

खिडकीजवळच्या टेबलावर एक परिचारिका बसत असे. वय चाळिशीचं, सकाळपाळी संपवून बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करायला यायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. दोन आठवडे खोकला ऐकल्यावर ती उठून ग्रंथपालांच्या टेबलाशी आली.

“साहेब, तुम्ही बीपीची गोळी...”

ग्रंथपालांनी मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘कुजबुज करू नये. नियम पाचवा.’ मग घड्याळ बघून नोंद केली.

दुसऱ्या दिवशी तिनं घडी घातलेली चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. नियम सातवा: चिठ्ठ्या देऊ-घेऊ नयेत, दिल्यास जप्त. ग्रंथपाल जप्त केलेली चिठ्ठी कधी वाचत नसत. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात गेली.

“अहो, ती तुम्हालाच आहे!” सिस्टर न राहवून बोलली.

तीन नोंदी झाल्या. सिस्टरचा प्रवेश आठ दिवस बंद.

त्याच आठवड्यात वाचकांचा तक्रार अर्ज आला, खाली अडतीस सह्या. चिटणीस ग्रंथपालांना जिन्यात भेटले.

“सोमवारी चारला कार्यकारिणी आहे. तुमच्यासमोर, अभ्यासिकेतच. खोकला थांबलेला दिसला तर ठीक. नाहीतर तळघर.”

“तळघर?”

“जुनी वर्तमानपत्रं लावायचीत तिथं. तिथं कितीही खोका हो, कुणाची ना नाही.”

निवृत्तीला चौदा महिने होते. ती खुर्ची, ते टेबल, ती शांतता. शांतता तर त्यांनी स्वतः, एकेक माणूस गप्प करत उभी केली होती. सोमवारी साडेतीनला ग्रंथपालांनी धोका पत्करायचा नाही असं ठरवलं. सकाळच्या गोळ्या घेतल्या होत्या. दुपारच्या घेतल्या, रात्रीच्याही आताच घेऊन टाकल्या, आणि लाल औषध झाकणानं न मोजता बाटलीनंच घेतलं.

चार वाजता कार्यकारिणी समोर बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. खोकला नाही.

“कसं वाटतंय?” अध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं.

“उत्तम,” ग्रंथपाल म्हणाले. जीभ थोडी जड होती.

“मग प्रश्नच मिटला. तुम्ही आहात तिथंच राहा.”

आभार मानायला ग्रंथपाल उठले, खोली त्यांच्याभोवती एकदा फिरली आणि ते नोंदवहीवर आडवे झाले. मग घोरण्याचा जो आवाज निघाला, त्यापुढे खोकला म्हणजे कुजबुज होती. हलवलं, पाणी मारलं, अध्यक्ष स्वतः ओरडले. ग्रंथपाल उठले नाहीत. चिटणिसांनी नोंदवही त्यांच्या गालाखालून ओढून काढली आणि लिहिलं, ‘४.१४. घोरणे.’

रुग्णालयात त्यांना जाग आली तेव्हा उशाशी सिस्टर उभी होती.

“कोणकोणती औषधं घेता?”

“कुठल्या विषयाची?” ग्रंथपालांनी क्षीण आवाजात विचारलं.

बायकोनं तिन्ही फायली पिशवीतून काढून त्यांच्या पायांवर ओतल्या. निळं, हिरवं, तपकिरी एकात एक मिसळलं. ग्रंथपालांनी डोळे मिटले.

तिथल्या डॉक्टरांनी कागद चाळले. “ही पांढरी गोळी चांगली आहे, पण काहींना तिनं खोकला होतो. खोकल्याच्या या लाल औषधानं रक्तदाब चढतो, झोप येते ती वेगळी. पिवळ्या गोळीनंही रक्तदाब चढतो आणि पोट जळतं. म्हणून पांढरी दुप्पट. म्हणून खोकला दुप्पट.”

“म्हणजे मूळ आजार किती?” बायकोनं विचारलं.

“एक. बाकीचे आमच्याकडून.”

“मी लिहून दिलं होतं,” सिस्टर म्हणाली. “बीपीची गोळी घेता का, तसं असेल तर डॉक्टरांना खोकल्याचं सांगा. दोन ओळी होत्या.”

“डब्यात आहे,” ग्रंथपाल म्हणाले.

पांढरी गोळी बदलली, लाल आणि पिवळी बंद झाली. तीन आठवड्यांत खोकला गेला. तळघराचा ठराव मात्र राहिला, कारण तो आता घोरण्यावर होता.

वर ग्रंथपालांच्या खुर्चीत त्यांचा सहायक बसला. बारा वर्षं हाताखाली तयार झालेला, नियमाला पक्का. दोन महिन्यांनी वरून एक आवाज आला. कोरडा. पाच मिनिटांनी पुन्हा. ग्रंथपालांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. काडी फिरवल्यासारखा तो खोकला त्यांनी हजारात ओळखला असता.

ते जिना चढून वर गेले. “अरे, तू बीपीची...”

सहायकानं खोकता खोकता मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवरचं अक्षर ग्रंथपालांचंच होतं.

ते खाली आले. मग सिस्टरच्या त्याच दोन ओळी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिल्या, चार घड्या घातल्या आणि शिपायाबरोबर वर पाठवल्या.

आठवडाभराच्या जप्त चिठ्ठ्या शनिवारी तळघरात जमा होतात. शनिवारी शिपायानं डबा आणून टेबलावर ठेवला. ग्रंथपालांनी झाकण उघडलं. सगळ्यात वर त्यांची चिठ्ठी होती. चारही घड्या जशाच्या तशा.

वरून खोकला आला. थोड्या वेळानं दुसरा आला. आता तो दुप्पट मोठा होता.