तुळशीरामभाऊंची निर्यात

तुळशीरामभाऊ भेटले की नमस्कार करत नाहीत. मूठ थेट तुमच्या नाकाखाली आणतात आणि म्हणतात, "हुंगा!" मुठीत चिन्नोर तांदूळ असतो. बसमध्ये, तहसील कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. एकदा तर मयतीला आलेल्या व्याह्यालाच त्यांनी हुंगवलं. तो रडता रडता शिंकला. "पाहा, वास डोक्यात गेला," भाऊ समाधानानं म्हणाले.

मोहाडीत त्यांची लहानशी राइस मिल आहे आणि शेजारी माझं कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान. त्यामुळे माझं नाक कायम त्यांच्या सेवेत.

राज्याची निर्यात वाढवायची म्हणून सरकारी शिष्टमंडळ मस्कतला निघालं, तेव्हा प्रत्येक जिल्ह्याचं कोणीतरी दाखवायला हवं होतं. भंडाऱ्याच्या वाट्याला आम्ही सापडलो, तांदूळवाले आणि कोसावाले. भाऊंनी भर मे महिन्यात कोट शिवला आणि तो घालून आठवडी बाजारात फिरले. "सवय करून राहिलो," म्हणाले. जन्मापासूनच्या ओळखीच्यांनाही दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड देत. भाजीवालीनं ते घेतलं आणि काटा सरळ करायला तराजूखाली सरकवलं.

मस्कतच्या हॉटेलात मोठ्या शहरांचे मोठे उद्योगपती दालनाच्या दारासमोर होते. आमचा स्टॉल अगदी मागे, भटारखान्याच्या दाराला लागून. शिष्टमंडळाच्या साहेबांनी पडद्यावर एकेक जिल्हा दाखवला. भंडाऱ्याच्या नावाखाली नारळाची झाडं होती आणि समुद्र होता. भाऊ उभे राहिले. "साहेब, आमच्याकडे तलाव हायेत, समुद्र नाही." साहेब नुसतेच हसले आणि पुढच्या जिल्ह्यावर गेले. मग करारांवर सह्या झाल्या, फोटो झाले आणि अख्खं शिष्टमंडळ अत्तर घ्यायला बाजारात गेलं.

भाऊ जागचे हलले नाहीत. जो येईल त्याच्या नाकाखाली मूठ. एका सुरक्षारक्षकानं तर हातच पिरगळला. पण शेवटच्या दुपारी एक म्हातारा व्यापारी थांबला आणि त्यानं खरंच हुंगलं. डोळे मिटून पुन्हा हुंगलं. दुभाष्यामार्फत म्हणाला, "उद्या सकाळी माझा माणूस येईल. तांदळाची ही उरलेली पिशवी त्याच्याकडे द्या. शिजवून पाहतो. पसंत पडला तर दर वर्षी घेईन."

तो गेला आणि मागचं दार उघडलं. ओला एप्रन बांधलेला, चाळिशीचा एक माणूस बाहेर आला.

"कोन्या गावचे जी तुमी?"

"मोहाडी. अन् तू?"

"एकोडीचा. विनोद. तुमचं बोलनं भिंतीमागून आयकून राहिलो."

भाऊंनी सवयीनं मूठ पुढं केली. विनोद खाली वाकला आणि वर येईचना. बोटं भांड्यांच्या पावडरीनं फाटलेली. पासपोर्ट कंत्राटदाराकडे अडकलेला. बाप गेला तेव्हा फोनवर रडला, तेवढंच.

"असा भात कधी खाल्ला होता?" भाऊंनी विचारलं.

"गाव सोडल्यावर नाही जी."

भाऊंनी पिशवी उचलली. मी त्यांचा हात धरला. "उद्या माणूस येणार आहे, भाऊ. मूठभर द्या. पिशवी कायले?"

"मूठभरानं कोनाचं पोट भरते?"

कोट भटारखान्यातल्या नळाला अडकवून त्यांनी स्वतः भात रांधला. भांडी घासणारे सगळे जमले, बिहारचे, नेपाळचे, केरळचे. वर नुसतं वरण. भाऊ विनोदच्या शेजारी मांडी घालून बसले. विनोद सगळ्यांत सावकाश जेवला. निघताना म्हणाला, "मायले सांगू नका जी, भांडे घासतो म्हनून. तिले वाटते, मी आफिसात हाओ."

सकाळी व्यापाऱ्याचा माणूस आला. पिशवी नव्हती. शिष्टमंडळातल्या एका बड्या निर्यातदारानं तत्परतेनं आपला तांदूळ पुढं केला. आता त्याच्या पोत्यांवर मोठ्या अक्षरांत 'भंडारा' छापतात म्हणे. त्यात भंडाऱ्याचं असतं ते तेवढंच.

मोहाडीत भाऊंची खूप चेष्टा झाली. "काय भाऊ, जहाज कधी निघून राहिलं?" भाऊ म्हणायचे, "शेठले वास नाही समजला." खरं सांगायला मला तोंड उघडू देत नाहीत. पुढच्या दौऱ्यातून त्यांचं नाव वगळलं. फलित काहीच नाही, असं सरकारी साहेब म्हणाले. ज्यांनी अत्तर आणलं त्यांचं फलित पेपरात छापून आलं.

एकोडीला मात्र भाऊ जातात. पहिल्यांदा मलाही सोबत नेलं होतं. विनोदची म्हातारी माय अंगणात बसली होती.

"फिरती खुर्ची हाये त्याले, माय," भाऊ सांगत होते. "एसी हाये. दोन मानसं हाताखाली." मी भिंतीकडे पाहत राहिलो.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "जेवते का तो बराबर?"

भाऊ अडखळले. "माझ्याच संग जेवला माय. पोटभर."

ती आत गेली आणि कोहळ्याच्या वड्यांची पुरचुंडी घेऊन आली. "पुढच्या बारीनं जासान तं नेजा. लय आवडते त्याले."

"नेतो," भाऊ म्हणाले.

ते जेव्हा जातात, तेव्हा दर वेळी ती पुरचुंडी देते. विनोद आता त्या हॉटेलात नाही; कधीमधी मायला फोन करतो, पण नवा पत्ता सांगत नाही, त्यामुळे पार्सलही करता येत नाही. भाऊ त्या वड्या खात नाहीत, कोणाला देतही नाहीत. कीड लागू नये म्हणून मिलच्या आवारात चादरीवर ऊन देतात आणि कावळ्यांसाठी काठी घेऊन स्वतः बसतात.

काल मी जवळ जाऊन उभा राहिलो. भाऊंनी वर पाहिलं नाही.

"सरका जी," म्हणाले, "सावली पडून राहिली."